तिसऱ्या सेलमधलं पाणी

माझ्या दुकानात एक पाटी होती. पिवळ्या पत्र्यावर तांबड्या अक्षरांत, तमिळ, इंग्रजी आणि मराठीत, एकच वाक्य लिहिलेलं: ‘बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरशिवाय दुसरं काहीही घालू नये.’ मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत मराठी वाचणारं गिऱ्हाईक वर्षाकाठी चार-पाच यायचं, पण ती तिसरी ओळ मी हौसेने लिहून घेतली होती. आमच्या दुकानात मराठी दिसायला हवी, एवढंच.

ही पाटी उगीच लावलेली नव्हती. एक टॅक्सीवाला बॅटरीत शहाळ्याचं पाणी घालून घेऊन आला होता. म्हणाला, “रायरे, फार तापत होती. उष्णता झाली असेल.” एका निवृत्त प्राध्यापकांनी आपल्या जुन्या गाडीला काशीहून आणलेलं गंगाजल पाजलं होतं, तेही तांब्याच्या गडूतून, मंत्र म्हणत. आणि आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी तर माझ्या दारात रांगच लागायची. बॅटरीच्या प्रत्येक सेलला एक झाकण असतं आणि त्या झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. चार्ज होताना आत वायू तयार होतो, तो तिथून बाहेर पडतो. आमचे भाविक ड्रायव्हर चंदन-कुंकवाचा टिळा लावायचे तो नेमका त्याच भोकावर. चंदन वाळलं की बूच बसलं. मग गाडी धावायला लागली की एखादं झाकण फट्कन उडायचं आणि बॉनेटला आतून ॲसिडचा अभिषेक व्हायचा. मी ओरडायचो, “पोट्टू लावा, पण पोटावर लावा, डोक्यावर नको.” मान डोलवून जायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा डोक्यावर लावायचे.

मला सगळे बॅटरी रायर म्हणायचे. आम्ही तंजावरचे मराठी. मद्रासमध्ये आमच्यासारख्या राव मंडळींना लोक रायर म्हणतात. नऊ वर्षांचा असताना वडिलांचं बोट धरून मी मद्रासला आलो आणि वेस्ट मांबलमला राहिलो. सकाळी गाडीने, मग बसने दुकानात यायचं आणि संध्याकाळी ॲसिडने भोकं पडलेला शर्ट घालून परत जायचं, अशी पस्तीस वर्षं गेली. माझी मराठी घरातली, जुन्या वळणाची. हा लेख माझ्या सुनेने वाचून सरळ केला आहे. ती साताऱ्याची. फक्त माणसं जिथे बोलतात तिथे तिला मी हात लावू दिलेला नाही.

आता माझ्या धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बॅटरी वीज तयार करत नाही. ती वीज सांभाळून ठेवते. लॉरीच्या बॅटरीत सहा सेल असतात, सहा वेगवेगळ्या खोल्या म्हणा. प्रत्येकीत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ ॲसिड. एक खोली बिघडली की सगळं घर बसतं. लॉरीचं इंजिन चालू असताना त्याच्या जोडीचा डायनॅमो बॅटरी भरतो, आणि इंजिन सुरू करताना स्टार्टर एका दमात त्यातलं बरंच काही पिऊन टाकतो. बॅटरीत किती शिल्लक आहे हे बघायला आमच्याकडे हायड्रोमीटर असतो. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत एक तरंगता काटा. ॲसिड ओढून घ्यायचं. काटा वर तरंगला तर बॅटरी भरलेली, खाली बुडाला तर रिकामी. हे झालं शास्त्र. बाकी सगळं माणसांचं असतं, आणि ते नळीत दिसत नाही.

ऐंशी सालच्या पोंगलनंतर रंगनाथ राव माझ्या दुकानात आले. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, आमच्याच लोकांपैकी, साठीचे. उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरवरून उतरले आणि थेट मुद्द्यावर आले.

“गोपाळ राव, मी एक घर बांधलंय. त्याला चाकं आहेत. बघायला या.”

घर खरंच होतं. लष्कराच्या लिलावात घेतलेल्या ट्रेलरवर प्लायवूडच्या भिंती, दोन बाकं, छोटा ओटा, छतावर पाण्याची टाकी, पंप, एक पंखा, तीन दिवे आणि कोपऱ्यात देवघर. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले सोळा नियम चिकटवलेले होते. हा ट्रेलर ओढायला त्यांच्या धाकट्या भावाची डिझेल लॉरी होती आणि लॉरीबरोबर कन्नियप्पन नावाचा ड्रायव्हर.

हे सगळं होतं त्यांच्या आईसाठी. अंबुबाई, वय चौऱ्याऐंशी. त्यांना सगळे अज्जी म्हणत. कुंभकोणमला बारा वर्षांतून एकदा महामहम येतो, त्या दिवशी तिथल्या मोठ्या तळ्यात स्नान करायचं असतं. अज्जींनी जन्मापासून एकही महामहम चुकवला नव्हता. पहिला आईच्या कडेवर बसून, मागचा बहात्तराव्या वर्षी. आता त्यांना चालवत नव्हतं, गुडघे गेले होते, आणि कुंभकोणमला त्या आठवड्यात उभं राहायलासुद्धा जागा मिळत नसे. बारा वर्षांनी पुढचा. तोपर्यंत त्या थांबतील असं कोणी म्हणत नव्हतं, त्या स्वतः तर मुळीच नाही.

“गावाबाहेर चार मैलांवर माझ्या मित्राचा नारळाचा बाग आहे,” रंगनाथ राव म्हणाले. “तिथे आठवडाभर तळ द्यायचा. महामहमच्या दिवशी सकाळी ट्रेलर ओढत अज्जीला तळ्याजवळ न्यायचं. बागेत वीज नाही. दिवे, पंखा, पंप अस्कं बॅटरीवर. ती बॅटरी आठवडाभर जिवंत ठेवायची आणि त्या दिवशी लॉरी सुरू झाली पाहिजे. तुम्ही येणार काय?”

मी हो म्हणालो, आणि त्या रात्री मला धड झोप आली नाही, इतका आनंद झाला होता. नऊ वर्षांचा असताना सोडलेला तो मुलूख मी परत पाहिला नव्हता. दुकानाला आठ दिवस कुलूप लागणार हे ऐकून माझी बायको म्हणाली, “जा बाबा. बॅटऱ्या पळून जात नाहीत.”

मी सरळ उपाय केला. दोन बॅटऱ्या, एक लॉरीची, एक घराची. मध्ये सुरीच्या पात्यासारखा तांब्याचा जुना स्विच. इंजिन चालू असताना पातं खाली पाडायचं, दोन्ही बॅटऱ्या भरतात. इंजिन बंद केलं की पातं वर, मग घरातल्या दिव्या-पंख्यांनी कितीही खाल्लं तरी लॉरीच्या बॅटरीला धक्का लागत नाही. आजही कोणी ट्रेलर घेऊन हिंडायला निघाला तर मी त्याला हेच सांगेन. रंगनाथ रावांनी हा सतरावा नियम म्हणून भिंतीवर लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

वाटेत लोक थांबून बघत होते. विलुप्पुरमपासून पुढे प्रत्येक गावात मुलं लॉरीमागे धावत ‘तेर, तेर’ ओरडायची. तेर म्हणजे देवळाचा रथ. मी ट्रेलरच्या दारात उभा राहून हात हलवायचो. त्या प्रवासात मी स्वतःला फार मोठा माणूस समजत होतो हे कबूल करतो.

नारळाच्या बागेशेजारी भात कापून झालेलं शेत होतं, तिथे आम्ही उतरलो. दोन दिवस सगळं छान चाललं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी देवघरातला दिवा विझलेला होता.

देवघरात एक पाच वॅटचा बल्ब होता. प्लायवूडच्या भिंती, ताजा रंग, त्यामुळे ट्रेलरमध्ये ज्योत लावायची नाही, हा नियम पहिला. म्हणून नंदादीपाच्या जागी बल्ब. अज्जींनी तो मान्य केला होता, पण एका अटीवर, की तो मालवायचा नाही. घरी त्यांच्या देवापुढचा दिवा साठ वर्षं विझला नव्हता. इथे काय झालं, तर सोवळ्यातलं स्वयंपाकपाणी, दोन वेळा आंघोळ, धुतलेली लुगडी परत धुणं, या सगळ्यासाठी पंप दिवसभर घरघरत होता. घराची बॅटरी दोन दिवसांत रिकामी झाली.

अज्जी देवासमोर पाठ ताठ करून बसल्या होत्या. त्यांची सून, रंगनाथ रावांची बायको, पानं वाढून थांबली होती.

“अज्जी, जेवून घ्या की,” मी म्हणालो.

“देवापुढं अंधार अन् मी जेवूं? कसाला?” त्या शांतपणे म्हणाल्या. “मला भूक न्हाई. तुम्ही जेवा.”

बाहेर समई लावून पाहिली, बागेतल्या वाऱ्यात ती टिकेना. घराची बॅटरी इंजिनावर भरायला काही तास लागणार होते आणि पंपाने ती पुन्हा रिकामी होणारच होती. बारा वाजले तरी अज्जींनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मला माझी आई आठवली. आणि मी तो एक उद्योग केला. लॉरीच्या बॅटरीवरून एक बारीक वायर काढली, स्विचला वळसा घालून, ट्रेलरच्या तळाखालून नेली आणि देवघरातल्या बल्बला जोडली. बल्ब लख्ख पेटला. अज्जींनी हात जोडले, मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “गोपाळा, बेस केलास.”

रंगनाथ राव फिरून आले तेव्हा त्यांनी दिवा पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांना वाटलं मी घराच्या बॅटरीतच काही करामत केली. मी काही बोललो नाही. सतरावा नियम माझाच होता आणि तो मी स्वतःच मोडला होता, हे सांगायला तोंड उघडलं नाही. शिवाय पाच वॅटचा बल्ब तो काय. लॉरीच्या बॅटरीला तो जाणवणारसुद्धा नाही, असं मी स्वतःला समजावलं.

बल्ब लहान होता हे खरं. पण तो मालवायचा नव्हता. गळका नळ रात्रभर ठेवला तर खाली बादली भरते, तसं हे. मी हिशेब धरला होता की कन्नियप्पन रोज सकाळी तासभर इंजिन चालवतो, त्यात सगळं भरून निघेल. तो ते चालवत होताही. फक्त ती वेळ अज्जींच्या जपाची होती. इंजिनाच्या आवाजाने त्यांचा जप मोडू नये म्हणून त्या भल्या माणसाने इंजिन अगदी मंद ठेवलं होतं, पाळण्यातल्या पोराला झोपवावं तसं. आणि डायनॅमो मंद इंजिनावर काही देत नाही. त्याला वेग लागतो. म्हणजे रोज तासभर डिझेल जळत होतं आणि बॅटरीत थेंबही पडत नव्हता.

मी तिथे असतो तर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पाहून मला कळलं असतं. पण मी नव्हतो. रोज सकाळी पहिल्या बसने मी तंजावरला जात होतो. आमची गल्ली सापडली, घराच्या जागी शिलाईचं दुकान निघालं, आणि शेजारच्या म्हाताऱ्याने मला वडिलांच्या नावाने ओळखलं. त्याने मला कॉफी पाजली, चुलत्यांच्या गोष्टी सांगितल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. महामहमपर्यंतचे उरलेले चारही दिवस मी गेलो. या लेखात मला कशाचा पश्चात्ताप लिहायचा असेल तर त्या चार सकाळींचा, आणि तरी त्या मी कोणाला परत देणार नाही.

महामहमचा दिवस उजाडला. रस्त्याने पहाटेपासून माणसं वाहत होती, बैलगाड्या, सायकली, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका. आमचा तळ आवरून तयार. अज्जी नऊवारी लुगडं नेसून ट्रेलरच्या बाकावर बसलेल्या, मांडीवर तांब्याचा गडू आणि पळी. ऊन चढायच्या आत तळ्यावर पोहोचायचं होतं. कन्नियप्पनने किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. बस्स.

“रायरे,” तो खाली वाकून म्हणाला, “वंडी उठत नाही.”

मी हायड्रोमीटर घेतला. पहिला सेल, काटा तळाशी. दुसरा, तळाशी. सहाच्या सहा. रंगनाथ राव माझ्या खांद्यावरून बघत होते.

“अशी कशी उतरली? पातं तर वर होतं. मी रोज बघत होतों.”

चार मैल. खुर्चीवरून न्यायचं तर त्या गर्दीत दुपार झाली असती. दुसरी गाडी त्या दिवशी कुंभकोणमच्या आसपास कोणाला मिळणार? बारा वर्षांची वाट बघून आलेली बाई माझ्या पाच वॅटमुळे चार मैलांवर अडकली होती. आता गप्प राहण्यात अर्थ नव्हता. मी ट्रेलरच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. वायर कुठून नेली, कधी नेली, आणि का लपवली तेही.

रंगनाथ रावांचा चेहरा लाल झाला. “तुम्ही? तुम्हीच?” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

अज्जी मात्र पुढे वाकल्या. “थांब रंगा. गोपाळा, काय म्हणालास? बॅटरी उतरली की दिवा कमी होतो काय?”

“होय अज्जी. आधी पिवळा होतो, मग तांबडा.”

“दोन दिवस झाले, मला दिवा तांबडा दिसत होत्ता,” त्या म्हणाल्या. “परवा थोडा, काल जास्ती. मला वाटलं, डोळे गेले मणून. कोणाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर रंगानं डॉक्टरकडं नेलं असतं, अन् महामहम राहिला असता.” आणि मग त्या चक्क हसल्या, तोंडावर पदर धरून. “म्हणजे माझे डोळे बेस आहेत.”

बॅटरी उतरते आहे हे त्या अख्ख्या तळावर फक्त एका माणसाने पाहिलं होतं, आणि ज्याचं ते कामच होतं तो तंजावरला कॉफी पीत होता. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी त्यांच्या हसण्याने इतका हुरूप आला की काय सांगू.

“आता काय करायचं ते कर,” अज्जी म्हणाल्या.

“दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडतो. दोघींत मिळून थोडा दम असेल. पण एक थेंबही दुसरीकडे जाता कामा नये. दिवा...” मी बल्बकडे पाहिलं.

त्यांनी देवापुढचं एक फूल उचललं, हात लांब करून त्या मंद तांबड्या बल्बला अलगद टेकवलं, आणि म्हणाल्या, “झालं. काढ आता.”

मी वायर काढली. साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या देवापुढे त्यांच्या संमतीने अंधार झाला. घराची बॅटरी उचलून लॉरीच्या बॅटरीशेजारी ठेवली, जाड केबलने जोडली, दहा मिनिटं दोघींना स्वस्थ बसू दिलं. दमलेली बॅटरी थोडी विश्रांती दिली की थोडी सावरते, हे धंद्यातलं जुनं ज्ञान. ती दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब असतील. कन्नियप्पनने किल्ली फिरवली. इंजिनाने अर्धा फेरा घेतला, कण्हलं आणि थांबलं.

“ओढून काढू,” कन्नियप्पन म्हणाला, आणि बागेतल्या विहिरीवरचा काथ्याचा जाड दोर घेऊन धावत आला. ट्रेलर सोडवला, दोर लॉरीच्या पुढच्या बंपरला बांधला. पण ओढणार कोण? आम्ही तीन माणसं. मग तो सरळ रस्त्यावर गेला आणि दोन्ही हात वर करून यात्रेकरूंना काहीतरी ओरडला. त्याने काय सांगितलं ते मला नंतर कळलं. “एक म्हातारी आई आत बसलीय, तिचं तेर अडलंय.”

तेर म्हटल्यावर तंजावर जिल्ह्यातला माणूस दोर पाहून पुढे जाऊच शकत नाही. गाठोडी रस्त्याकडेला ठेवली गेली, धोतरं खोचली गेली. शेतकरी, एक शाळामास्तर, एक पोस्टमन वर्दीसकट, फेटे बांधलेले दोघे व्यापारी. पाहता पाहता दोर माणसांनी भरला. कोणीतरी सुरुवात केली, “गोविंदा,” आणि पन्नास गळ्यांनी उत्तर दिलं. लॉरी हलली. माझ्या अंगावर काटा आला, आज लिहितानाही येतो.

पहिल्या खेपेला कन्नियप्पनने क्लच सोडला तशी मागची चाकं मऊ शेतात घसरत गेली आणि इंजिन फिरलंच नाही. एकट्या बॅटरीने जमलं नव्हतं, एकट्या दोरानेही जमेना. मी केबिनच्या पायरीवर चढलो.

“कन्नियप्पा, आता मी सांगतो तसं. क्लच दाबून ठेव. वेग आला की आधी किल्ली फिरव, इंजिन अर्धं फिरू दे, आणि त्याच दमात क्लच सोड.”

“दोन्ही एकदम?”

“दोन्ही एकदम.”

“गोविंदा.” दोर ताणला, चाकं सुटली, लॉरी ढेकळं उडवत शेताच्या कडेकडे निघाली. “आता,” मी म्हणालो. इंजिन कण्हलं, अर्धा फेरा, क्लच सुटला, लॉरीला एक जबरदस्त हिसका बसला, आणि सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट निघाला. इंजिन धडधडत होतं. पोस्टमनने टोपी काढून हवेत फेकली. मी पायरीवरून खाली पडलो, आणि पडल्या पडल्या हसत होतो.

“मंद ठेवू नकोस,” मी जमिनीवरूनच ओरडलो. “जप गेला खड्ड्यात, जोरात ठेव.” अज्जींनी ते ऐकलं आणि त्याबद्दल मला कधी काही म्हटलं नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मावळला, म्हणजे डायनॅमो भरायला लागला. ट्रेलर जोडला, घराची बॅटरी जागेवर नेली, स्विचचं पातं खाली पाडलं आणि देवघरातली वायर आता सरळमार्गाने जोडली. बल्ब पांढरा शुभ्र झाला.

“पांढरा,” अज्जी म्हणाल्या. “गोपाळा, पांढरा दिसतो.”

तळ्यापासून मैलभर अलीकडे पोलिसांनी गाड्या थांबवल्या. तिथून रंगनाथ राव आणि कन्नियप्पनने अज्जींना खुर्चीवर बसवून उचललं. सून पुढे वाट करत गेली. मी लॉरीत बसलो, पाय ॲक्सिलरेटरवर. इंजिन बंद केलं आणि परत उठलं नाही तर त्यांना परत कसं न्यायचं? तेव्हा मी हललो नाही. माझ्या समोरून हजारो माणसं तळ्याकडे गेली आणि ओल्या अंगाने परत आली. महामहमला इतक्या जवळ जाऊन मी स्नान केलं नाही. वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण चार्जिंगचा दिवा मावळलेला होता आणि अँपिअरचा काटा उजवीकडे झुकलेला होता, तेही एक दर्शनच.

दोन तासांनी ते परत आले. अज्जींचं लुगडं निथळत होतं, ओठ निळसर झाले होते आणि चेहरा लहान मुलीचा. रंगनाथ राव ट्रेलरमागे धोतर बदलायला गेले. अज्जींनी मला खुर्चीजवळ बोलावलं, गडूतून पळीभर पाणी माझ्या डोक्यावर घातलं, दुसरी पळी माझ्या ॲसिडने चरबटलेल्या हातांवर. मग बोट करून म्हणाल्या, “त्यालापण दे. तोपण दमला की.”

त्या लॉरीच्या बॅटरीकडे बोट दाखवत होत्या.

तीन भाषांत पाटी लावणारा माणूस मी. शहाळ्याच्या पाण्यावरून टॅक्सीवाल्याला हाकलून दिलेला, प्राध्यापकांना अर्धा तास व्याख्यान दिलेला. मी आजूबाजूला पाहिलं. कोणी बघत नव्हतं. बॅटरीच्या कडेने हाताला सोपा पडला तो तिसरा सेल. झाकण काढलं, पळी वाकडी केली, झाकण लावलं.

“अस्कं बेस होईल,” अज्जी म्हणाल्या.

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. झोपेतच, देवापुढचा दिवा तेवत असताना. त्यानंतर वर्षभराने रंगनाथ राव भावाच्या लॉरीची ती बॅटरी घेऊन माझ्या दुकानात आले. एक सेल मेला होता. मी तपासायच्या आधीच मला माहीत होतं कोणता. सेलांवर सील म्हणून ओतलेलं डांबर तापवून सोडवलं, तिसरा सेल उघडला. पट्ट्या खाऊन टाकल्यासारख्या झाल्या होत्या. बाकी पाच ठणठणीत.

रंगनाथ राव नाकावर चष्मा सरकवून वाकले. “पाच बेस आणि एकच गेला? हे कसं?”

मी पाटीकडे पाहिलं. एकदा गप्प राहून काय झालं होतं ते मला आठवत होतं. म्हणालो, “सार, यात दुसरं पाणी पडलंय. मीच घातलं. महामहमचं. पळीभर. अज्जींनी सांगितलं मणून.”

मला वाटलं, आता सतराच्या सतरा नियम ऐकावे लागणार. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, आणि रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, “मला तिनं दोन पळ्या दिल्या होत्या. रेडिएटरमध्ये घालायला.”